बसलेल्या माणसाचं माप

"अक्का, जरा बाहेर येता का? माप घ्यायचंय," मी वाकून आत म्हणालो.

"थांबा दादा. हात भरतीया," अनसूयाअक्का मान वर न करता म्हणाल्या.

त्यांच्यासमोर सुपने गावाकडची एक बाई मांडी घालून बसली होती. तिचा डावा हात अक्कांच्या गुडघ्यावर होता आणि अक्का तिचा पंजा दाबून, मिटवून, हिरव्या बांगड्या एकेक करून मनगटाकडे सरकवत होत्या.

"आगं, हात ढिला सोड. नवऱ्यावरचा राग घरी काढ. हितं काच हाय."

"राग न्हाई ओ अक्का, दुखतंय."

"दुखतंय म्हणून तर मापाची बसतीया. सैल पायजे तर रबराची घे."

माझ्यामागे आर्किटेक्ट कर्णिकसाहेब टेपचं पितळी टोक बोटात धरून उभे होते. "केसकर, एक हात तर झालेला दिसतोय. पाच मिनिटं उठायला सांगा ना त्यांना."

"साहेब, एक हात भरलाय आणि दुसरा मोकळा, अशी बाई मध्ये उठत नाही."

"का?"

"नाही उठत," मी म्हणालो. याहून बरं उत्तर मला सुचलं नाही. मला बहुधा सुचत नाही.

कराडच्या भाजीमंडईमागे तेव्हा आमचं जुनं दगडी मार्केट होतं. त्यात माझं पाठ्यपुस्तकांचं दुकान होतं. दुकानाला लागून वरच्या मजल्यावर जाणारा जिना, आणि त्या जिन्याखालच्या तिरक्या पोकळीत अक्कांचं बांगड्यांचं दुकान. अनसूया कोकीळ. नवऱ्यामागे त्यांनी ते एकटीनं चालवलं होतं. तोंडाशी उंची बरी होती, पण आत जावं तसं छत उतरत जायचं आणि शेवटी जमिनीला टेकायचं. अक्का मधोमध बसायच्या. पाठीमागच्या निमुळत्या जागेत दोऱ्यांत ओवलेले बांगड्यांचे तोडे, बाजूला काचेची पेटी, पुढे गिऱ्हाइकासाठी चटई. त्या दुकानात कुणालाच उभं राहावं लागत नसे. बांगड्या उभ्यानं भरत नाहीत.

मार्केट पाडून नवं बांधायचं ठरलं होतं. सगळे दुकानदार भागीदार. ज्याची जुनी जागा जेवढी भरेल, त्या प्रमाणात त्याला नव्या इमारतीत तळमजल्यावर जागा. ऐकायला सोपं होतं. पण मोजायचं कुठून कुठवर, यावर आधीच्या दोन इंजिनिअरांनी आमच्यापुढे हात टेकले होते. कुणी पायरीपासून मोजायचा, कुणी भिंतीची जाडी धरायचा, कुणी रस्त्यावर बाहेर काढलेला फळकुटाचा ओटासुद्धा वडिलोपार्जित म्हणायचा. शेवटी पुण्याहून कर्णिकसाहेबांना बोलावलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, आधी मोजायचे नियम ठरवा, ते सगळ्यांकडून मान्य करून घ्या, मग मी अंतिम आकडे देतो. नियमांचा मसुदा त्यांनी इंग्रजीत केला होता. तो मराठीत आणायचं आणि सभेत वाचायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तकांत बसणाऱ्या माणसाला सगळं लिहिता येतं असा लोकांचा समज असतो. मी तो कधी खोडून काढला नाही, कारण खोडायलाही बोलावं लागतं.

दुसरा हात भरून झाला. बाईनं बांगड्यांना हळदीकुंकू लावून घेतलं, अक्कांच्या पाया पडली आणि वाकून बाहेर आली. मग कर्णिकसाहेब आत गेले आणि पहिल्याच पावलाला त्यांचं कपाळ दगडी पायरीवर आपटलं.

"आई गं!"

"बसून या सायेब," अक्का म्हणाल्या. "हितं समदी बसूनच येत्यात. कलेक्टरची बायको बी बसूनच आली हुती."

साहेबांनी कपाळ चोळलं, पण बसले नाहीत. त्यांच्याजवळ सहा फुटी लाकडी पट्टी होती. ती ते प्रत्येक दुकानात जमिनीवर उभी करत. पट्टी जिथवर सरळ उभी राहील तिथवर जागा धरायची. छताला अडली की जागा संपली. बाकीच्या दुकानांत तिचा काही संबंधच येत नव्हता. इथे ती तोंडापासून जेमतेम हातभर आत गेली आणि अडली. साहेबांनी तिथे खडूनं रेघ मारली आणि मला रुंदी सांगितली. मी लिहून घेतली.

रेघेच्या अलीकडे चटईची नुसती किनार होती. बाकीची चटई, पेटी आणि अक्का स्वतः, सगळे पलीकडे.

"ही रेघ कसली, दादा?" अक्कांनी विचारलं.

"मापाची आहे."

"मी हिकडं का तिकडं?"

मी टेप गुंडाळत राहिलो. "साहेब बघतील ते," असं काहीतरी पुटपुटलो असेन.

चहा प्यायला साहेब माझ्या दुकानात आले. मी धीर करून विषय काढला.

"साहेब, जिन्याखालच्या त्या जागेत नियमानं किती भरतं?"

"दिसलंच की तुम्हाला. काहीच नाही. तेवढ्यात गाळा निघत नाही. त्यांना मागच्या बाजूला हातगाडी उभी करायला जागा देता येईल."

"पण त्या तिथे धंदा करतात."

"करतात, मला मान्य आहे." ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विद्यार्थ्याला समजवावं तसं सांगू लागले. "केसकर, इथे जवळजवळ प्रत्येकानं दुकानात पोटमाळा टाकलाय. उंची सोडून मोजायला लागलो तर उद्या जो तो आपला पोटमाळा जागेत धरा म्हणेल. नवी जमीन तर तेवढीच आहे. मग प्रत्येकाच्या वाट्याला गाळा नाही, कपाट येईल. म्हणून एक रेघ मारावी लागते. माणूस उभा राहतो तिथवर जागा. यात कुणावर राग नाही आणि कुणाची मेहरबानी नाही."

त्यांचं म्हणणं मला पटलं. हीच माझी अडचण आहे. समोरचा नीट बोलला की त्याचं मला पटतंच.

संध्याकाळी घरी मसुद्याचं भाषांतर करत बसलो. उंचीच्या कलमापाशी लेखणी अडली. कुमुद, माझी पत्नी, भाजी निवडत शेजारी बसली होती. तिनं विचारलं म्हणून मी सगळं सांगितलं.

"म्हणजे अक्कांना दुकान नाही?"

"नियमानं नाही."

"आणि नियम मराठीत तुम्ही लिहिताय."

"मी नुसता उतरवतोय गं. माझ्या मनाचं काही नाही त्यात."

"तेच म्हणते मी. तुमच्या मनाचं कशातच काही नसतं." तिनं गवारीच्या शेंगेची शीर ओढून काढली. "लग्नानंतर पहिल्यांदा या गावात आले तेव्हा माझं कुणी नव्हतं. तुमच्या आईंनी बांगड्या भरायला धाडलं. अक्कांनी हात हातात घेतला न् म्हणाल्या, 'पोरी, हात गार पडलाय तुझा. रडून घे जरा, मी हळू भरते.' हातगाडीपुढं उभं राहून कुणी रडेल का?"

"मी काय करू पण?"

"बोला सभेत."

"मी?"

"नाहीतर मी येते. पण तुमच्या सभेला शिडीनं पोटमाळ्यावर चढावं लागतं."

मी त्या रात्री नीट झोपलो नाही असं लिहायला हवं, पण मी झोपलो. सकाळी उठलो तेव्हा मात्र आधी कॅलेंडरवर सभेला किती दिवस उरले ते मोजलं.

सभा नेहमीप्रमाणे बाजार बंद असण्याच्या दिवशी, दुपारी, भूपालअण्णांच्या पोटमाळ्यावर भरली. भूपालअण्णा चौगुले भांड्यांचे व्यापारी आणि आमच्या मार्केटचे अध्यक्ष. स्वभावानं कडक, बोलायला फटकळ, पण त्यांच्या तागडीत कुणी खोट काढली नव्हती. त्यांच्या दुकानावरचा पोटमाळा सगळ्यांत मोठा. भोवती कागदात गुंडाळलेले हंडे, घागरी, पातेल्यांच्या उतरंडी आणि मध्ये अंथरलेली सतरंजी. वर येताना प्रत्येकाला शिडीवरूनच गुडघे टेकून सरकत यावं लागे, आणि दर सभेला कुणाचं ना कुणाचं डोकं तुळईला लागून वर टांगलेली घंघाळं वाजत. त्या दिवशी कर्णिकसाहेबांचं लागलं.

"साहेब, तुमच्या कपाळाला आमचं मार्केट मानवलेलं दिसत नाही," कापडवाले रतनशेट ओसवाल म्हणाले. सगळे हसले.

अक्का वर आल्या नाहीत. लुगडं सावरून शिडी चढणं त्यांना जमत नसे. त्या खाली दुकानात पाटावर बसत आणि शिडीच्या तोंडातून सभा ऐकत.

"अण्णा, मी आलीया बरं का खाली," त्यांनी आवाज दिला. "मोठ्यांदा बोला."

"वामनराव, वाचा," अण्णा मला म्हणाले. "खाली अक्कांपर्यंत जाईल असं वाचा."

मी वाचू लागलो. माप भिंतीच्या गिलाव्याच्या आतल्या बाजूपासून घ्यावं. मंजूर. बाहेरचा ओटा धरू नये. थोडी कुरकुर झाली, मंजूर. दुकानाच्या मधला खांब मापातून वजा करू नये. मंजूर. जिना, पाण्याची खोली, मागची वाट सगळ्यांची म्हणून कुणाच्याच मापात नाही. मंजूर.

मग उंचीचं कलम आलं. मी ते वाचलं. "ज्या जागेवर छताची उंची सहा फुटांपेक्षा कमी आहे, ती जागा मापात धरू नये."

"मंजूर," दोनतीन आवाज आले.

"पुढचं वाचा," अण्णा म्हणाले.

मी पुढचं वाचलं नाही. कागदाकडे बघत बसलो. बोलायचं ठरवलेलं काहीच आठवेना.

"काय झालं, अक्षर लागत नाही का?" रतनशेट म्हणाले. "तुमचंच आहे ना?"

मी मान वर केली आणि समोर बघितलं. सगळं मार्केट माझ्यासमोर मांडी घालून बसलं होतं. त्यांच्या डोक्यांवर वीतभर अंतरावर तुळया होत्या.

"अण्णा," मी म्हणालो, "या कलमानं आपण आत्ता कुठंच बसलेलो नाही."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू सतरंजीभर पसरलं. मला वाटलं, झालं, आपलं हसं झालं. खाली मान घालून कागदाची घडी करू लागलो.

"थांबा, घडी घालू नका," अण्णा म्हणाले. ते हसत नव्हते. "काय म्हणायचंय ते पुरतं म्हणा."

"म्हणजे असं की," मी अडखळलो, "आपण सगळे गादीवर बसून धंदा करणारी माणसं. सोनार बसतो, कापडवाले बसतात, तुम्ही बसता. आणि मापाचा नियम मात्र उभ्या माणसाचा केलाय. मीही तो तसाच उतरवला. आपल्याला छताची अडचण नाही म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. अक्का बसतात तिथे छत खाली आहे. त्यांचं सगळं दुकान रेघेच्या बाहेर जातंय. त्यांना गाळा मिळत नाही."

आता हसू थांबलं. अक्कांना गाळा मिळत नाही हे बहुतेकांना माहीतच नव्हतं. कर्णिकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे मला चहाच्या वेळी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. पोटमाळे, तेवढीच जमीन, एक रेघ.

"बरोबर हाय साहेबांचं," अण्णा म्हणाले. "हा पोटमाळा माझा हाय. एवढा मोठा कुणाचा न्हाई. मी तो धरा म्हणालो न्हाई. मग जिन्याखालचं कसं धरायचं? उद्या लोक म्हणतील, अध्यक्षानं दया केली."

"मग दयाच करू की," रतनशेट म्हणाले. ते मनानं मोठे होते, फक्त त्यांना सगळं लवकर मिटवायची घाई असे. "नियम राहू दे तसाच. अक्कांना आपण सगळे मिळून एक लहानसा गाळा असाच देऊन टाकू. कोण नको म्हणतंय? विषय संपला."

"चालेल," "हो, देऊन टाका," असे आवाज उठले. सगळ्यांना मोकळं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही. आता आणखी बोलावं लागणार नव्हतं.

"असाच नको."

आवाज खालून आला होता. आम्ही सगळे शिडीच्या भोकाकडे बघू लागलो. त्यात फक्त अक्कांचा पांढरा भांग दिसत होता.

"काय म्हणालात, अक्का?" अण्णांनी विचारलं.

"असाच नको म्हनलं मी. मापून द्या."

"अवो, पण मापात बसत न्हाई म्हणूनच तर—"

"मग हातगाडी लावीन. पर असाच दिलेला गाळा नको. उद्या कुनी बी म्हनंल, हिला आमी बसवली. तितं बसून मी कुनाच्या पोरीचा हात कसा धरू? हात धरताना आपली बसायची जागा आपली लागती, अण्णा."

रतनशेटनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मला आजही कळत नाही, पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं. मला त्या दिवशीची ती सुपन्याकडची बाई दिसत होती, अक्कांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलेली.

"साहेब," मी कर्णिकांना म्हणालो, "पोटमाळा आणि अक्कांचं दुकान सारखं नाही. पोटमाळ्यावर माल असतो. अक्कांकडे गिऱ्हाईक येतं."

"म्हणजे?"

"गिऱ्हाईक जिथवर येतं तिथवर दुकान. जिथे गिऱ्हाईक येऊन बसतं आणि सौदा होतो, ती जागा छत कितीही खाली असलं तरी धरायची. जिथे नुसता माल ठेवतात, तिथे तुमचा उंचीचा नियम."

कर्णिकसाहेबांनी थोडा विचार केला. "आणि गिऱ्हाइकासमोर बसलेला दुकानदार? तो कशात?"

"तोही त्यातच. दोघांमध्ये सौदा होतो."

"हे मोजता येईल," ते सावकाश म्हणाले. "पट्टीऐवजी चटई बघावी लागेल, पण मोजता येईल. प्रत्येक पोटमाळ्याला मात्र हाच प्रश्न विचारावा लागेल. गिऱ्हाईक वर येतं का?"

"माझ्याकडं येतं," रतनशेट लगेच म्हणाले, आणि मग जरा ओशाळले. "म्हणजे खोटं नाही बोलत. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं घर वर येऊन बसतं. साहेब, तुम्ही स्वतः बघा. गाद्या आहेत, तक्के आहेत."

ते खरं होतं. अख्ख्या तालुक्याचे बस्ते त्या पोटमाळ्यावर बांधले जात. म्हणजे माझ्या नियमानं रतनशेटचा पोटमाळा मापात येत होता. मी एका बाईला न्याय द्यायला निघालो होतो आणि बाजारातल्या सर्वांत मोठ्या कापडवाल्याची जागा वाढवून बसलो होतो. आणि ज्यांच्या पोटमाळ्यावर आम्ही बसलो होतो ते अण्णा समोर होते. अण्णा आणि रतनशेट यांचं मार्केटच्या दर्शनी कोपऱ्यावरून वर्षानुवर्षं वाकडं होतं. ज्याची जागा जास्त भरेल त्याला आधी निवड मिळणार होती, आजवरच्या मापात अण्णा पुढे होते, आणि कोपरा एकच होता.

सगळ्यांच्या हे एकदमच लक्षात आलं असावं, कारण कुणी कुणाकडे बघेना.

"अण्णा, तुमच्याकडे पण येतं की गिऱ्हाईक वर," अण्णांच्या शेजारी बसलेला त्यांचा पुतण्या म्हणाला. "रुखवताची भांडी बघायला येत्यात लोकं. काय?" आणि त्यानं आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आम्ही नुसत्या माना हलवायच्या होत्या.

मला सांगायला बरं वाटत नाही, पण आम्ही हलवल्या असत्या. अण्णांनी हो म्हटलं असतं तर त्या पोटमाळ्यावर कुणीही नाही म्हटलं नसतं. कर्णिकसाहेबांनीही निमूट लिहून घेतलं असतं.

अण्णांनी सभोवती आपल्या हंड्या-घागरींकडे पाहिलं. मग वरच्या तुळईकडे. त्यांनी नाकावरचा चष्मा सरळ केला.

"न्हाई येत," ते म्हणाले.

"अण्णा—"

"गप. हितं माझी बायको बी कधी आली न्हाई, गिऱ्हाईक कुठलं येतंय? मागं बँकेचा साहेब आला हुता, त्याचं डोकं आपटलं, त्यो बी परत आला न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वामनराव, लिहा. आत्ता बोललात तसंच लिहा. शब्द बदलू नका."

मी उंचीचं जुनं कलम नुसत्या मालाच्या जागेपुरतं ठेवलं आणि त्यावर नवं लिहिलं. मांडीवर कागद धरून लिहिलं म्हणून अक्षर वाईट आलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं: "जिथे गिऱ्हाईक येऊन बसते आणि सौदा होतो, ती सर्व जमीन छत कितीही खाली असले तरी दुकानाच्या मापात धरावी."

"अक्का, आयकलं का?" अण्णांनी खाली वाकून विचारलं.

"आयकलं."

"मंजूर हाय का?"

"माझ्यासाठी केलाय का समद्यांसाठी?"

"समद्यांसाठी. माझं त्यात नुकसानच झालंय, काळजी करू नका."

"मग मंजूर."

कर्णिकसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. यानं बाकी प्रत्येकाचा गाळा थोडाथोडा आक्रसणार, कुणाचा वीतभर, कुणाचा चार बोटं. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं आणि पुन्हा हात वर करायला सांगितले. हात वर झाले. काहींचे तुळईला लागले. माझाही वर होता, आणि छाटल्या जाणाऱ्यांत माझाही गाळा होता.

सभा संपल्यावर सगळे गुडघ्यांवर सरकत शिडीकडे गेले. मी शेवटी राहिलो. अण्णा घागरी सारख्या करत होते.

"कोपरा गेला, अण्णा," मी म्हणालो. मला क्षमा मागायची होती, पण ती कशाबद्दल मागावी ते कळेना.

"गेला," ते म्हणाले. मग हातातल्या घागरीवरचा कागद नीट करत म्हणाले, "वामनराव, इतकी वर्षं तुम्ही शेजारी बसता. तुमचा आवाज मी आज पयल्यांदा आयकला. बरा हाय."

घरी आलो तर कुमुद दारातच उभी होती. अक्का आमच्या गल्लीवरूनच गेल्या होत्या, त्यामुळे तिला सगळं आधीच कळलं होतं. तिनं चहा ठेवला आणि त्यात न विचारता दुप्पट साखर घातली.

जुनं मार्केट पाडायला पावसाळा उलटून जावा लागला. दगड वाहून नेले, जमीन सपाट झाली, आणि एके सकाळी कर्णिकसाहेबांच्या माणसांनी पांढऱ्या फक्कीनं मोकळ्या मातीवर गाळे आखले. आम्ही सगळे बघायला जमलो. आपापल्या गाळ्यात जो तो उभा राहून पाहत होता. कुणी पावलं टाकून बघत होता, कुणी हात पसरून. रतनशेट कोपऱ्यावर उभे होते आणि नजर चुकवत होते, तर अण्णाच त्यांना ओरडून म्हणाले, "शेट, छाती काढून उभं राहा की! मोजून मिळालाय, चोरून न्हाई!"

अक्का कुमुदबरोबर आल्या. "दादा, माझं कुठलं?"

मी दाखवलं. माझ्या गाळ्याला लागून, फक्कीच्या चार रेघांचा लहानसा चौकोन. वर छत नव्हतं, भिंती नव्हत्या, नुसतं आभाळ होतं. अक्का रेघ न मोडता, पदर सावरून पाऊल उचलून आत गेल्या. क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्या खाली बसल्या. मातीतच, मांडी घालून.

"ये गं," त्या कुमुदला म्हणाल्या. "म्होरं बस."

"अक्का, माती आहे."

"बस म्हनते ना."

कुमुद समोर बसली. अक्कांनी तिचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर घेतला, पंजा दोन्ही तळव्यांत धरून दाबला, सोडला. मग पाठीमागे हात नेऊन मागची रेघ किती लांब आहे ते चाचपलं. भिंतीला तोडे टांगायला पुरेल इतकी होती. उजवीकडे चाचपलं, पेटीपुरती. डावीकडे चाचपलं.

एव्हाना सगळं मार्केट आपापल्या रेघांमधून त्यांच्याकडे बघत होतं. कर्णिकसाहेबही टेप हातात घेऊन थांबले होते, माप बरोबर आलंय की नाही हे आता त्यांना कळणार असल्यासारखे.

"बसतंय का, अक्का?" अण्णांनी लांबून विचारलं.

अक्कांनी कुमुदचा हात सोडला नाही.

"बसतंय," त्या म्हणाल्या. "नेमकं बसतंय. कुनाचं जास्तीचं आलेलं न्हाई."

आयुष्यभर मी पुस्तकं वाचली, विकली, आणि एखादं आपणही लिहावं असं मनात येऊन गेलं. ते झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं की नाही, याची खात्री मला अजून नाही. पण त्या सकाळी त्या मोकळ्या जमिनीवर, मी लिहिलेल्या एका वाक्यात दोन बायका समोरासमोर बसल्या होत्या, आणि ते वाक्य त्यांना पुरत होतं. मी माझ्या छाटलेल्या गाळ्यात ताठ उभा राहून ते पाहत होतो.